तीन रिपोर्ट, दोन आकडे आणि एक भाऊ

पत्र असं आहे, थोडं आटोपतं घेऊन:

‘मी चौतीस वर्षांची, शाळेत शिकवते. वर्षभर कामाचा ताण आहे, झोप नीट लागत नाही, केस गळतात. म्हणून रक्तातलं स्ट्रेस हार्मोन तपासलं. पहिल्या लॅबमध्ये सकाळी सव्वाआठला रक्त दिलं. कॉर्टिसॉल २६.४ आलं आणि पुढे लाल अक्षरात “हाय”. पद्धत लिहिली होती सीएलआयए. घाबरून आठवड्याने दुसरीकडे गेले, पण शाळेतून निघेपर्यंत सव्वाअकरा वाजून गेले. तिथे १७.८, नॉर्मल, पद्धत ईसीएलआयए. दोन महिन्यांनी तिसऱ्या लॅबमध्ये सगळ्यात महाग, एलसी-एमएस/एमएस नावाची टेस्ट केली, सकाळी साडेआठला. तिथे ४९१! माझा भाऊ इंजिनियर आहे. त्याने हिशोब करून सांगितलं की ४९१ म्हणजे दुसऱ्या युनिटमधलं १७.८च. म्हणजे तिघांपैकी दोघांचं जुळलं, पहिली लॅब फसवते, तिच्याविरुद्ध तक्रार कर. त्याने असंही वाचलंय की या पद्धतींमधलं कोरिलेशन ०.९८ आहे, त्यामुळे पद्धतीच्या फरकाची सबब चालणार नाही. खरं कोण सांगतंय? तिसरी लॅब अ‍ॅड्रिनॅलिनसकट पूर्ण “स्ट्रेस पॅनल” करा म्हणतेय, ते करू का? जाता जाता: केसांसाठी बायोटिनची १० मिलिग्रॅमची गोळी रोज सकाळी सातला घेते. गर्भनिरोधक गोळ्या दुसऱ्या टेस्टनंतर बंद केल्या. याचा काही संबंध नसावा.’

संबंध आहे. तुमचं हे शेवटचं वाक्य मी आधी वाचलं असतं तर बाकीचं पत्र निम्म्या वेळात वाचून झालं असतं. पण आधी भावाकडे वळू, कारण त्याने एक काम चोख केलंय.

त्याचा गुणाकार बरोबर आहे. कॉर्टिसॉल दोन युनिटांत लिहितात, मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर आणि नॅनोमोल प्रति लिटर. पहिल्याला २७.५९ ने गुणलं की दुसरं मिळतं, आणि १७.८ चे ४९१ होतात. या एका गुणाकाराअभावी घाबरून आलेले लोक मी इतके पाहिलेत की युनिट रिपोर्टवर आकड्याहून मोठ्या अक्षरात छापावं असं मला फार वर्षं वाटत आलंय. अजून कोणी ऐकलेलं नाही.

निष्कर्ष मात्र त्याचा चुकला. रक्ताच्या रिपोर्टांची मतमोजणी करून बहुमताने निकाल लावता येत नाही. तुमचे दोन १७.८ एकमेकांना दुजोरा देत नाहीत. त्यातला एक सव्वाअकरानंतरचा आणि गोळ्या चालू असतानाचा, दुसरा साडेआठचा आणि गोळ्या बंद होऊन दोन महिने उलटल्यानंतरचा. त्यांचं जुळणं हा योगायोग आहे. खरं तर ते इतके जुळायलाच नको होते.

हे समजायला आधी वेळ बघा. कॉर्टिसॉल दिवसभर सारखं नसतं. पहाटे चढतं, जाग येण्याच्या सुमारास शिखरावर असतं, मग उतरत जातं आणि मध्यरात्रीच्या आसपास तळाला जातं. उतरतंही सरळ रेषेत नाही. अ‍ॅड्रिनल ग्रंथी (मूत्रपिंडावर बसलेली) ते झटक्याझटक्याने सोडते, आणि सोडलेलं निम्मं व्हायला साधारण तास-दीड तास लागतो. सकाळचे सव्वाआठ आणि सकाळचे सव्वाअकरा यांना आपण बोलताना ‘सकाळ’च म्हणतो, पण कॉर्टिसॉलच्या लेखी मध्ये बराच उतार पडलेला असतो. रिपोर्टवरची ‘सकाळची’ रेंज बहुधा आठ-नऊच्या आसपासच्या रक्ताची असते. तेव्हा दुसऱ्या रिपोर्टवरचं ‘नॉर्मल’ मी फारसं मनावर घेणार नाही.

आता गोळ्या. रक्तातलं बहुतेक कॉर्टिसॉल मोकळं नसतं. ते मुख्यतः एका प्रोटीनला, कॉर्टिकोस्टेरॉइड बाइंडिंग ग्लोब्युलिनला, म्हणजे सीबीजीला चिकटून फिरतं, थोडं अल्ब्युमिनला. मोकळं राहतं ते शेकडा पाचच्या आसपास, आणि पेशींवर काम करतं ते तेवढंच. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या यकृताकडून सीबीजी जास्त बनवून घेतात. वाहनं वाढली की प्रवासी वाढतात. एकूण कॉर्टिसॉल वर जातं, मोकळं जवळजवळ होतं तेवढंच राहतं. आणि लॅब मोजते ते एकूण. गरोदरपणातही हेच होतं. म्हणून एकूण कॉर्टिसॉलवर भरवसा ठेवायचा असेल तर अशा गोळ्या बंद करून सहा आठवडे जाऊ द्यावेत असं सांगितलं जातं. तुमच्या गोळीत इस्ट्रोजेन असेल (फक्त प्रोजेस्टेरॉनच्या जातीच्या गोळ्यांनी हे होत नाही) तर २६.४ मागचा माझा पहिला संशयित तीच. यात पहिल्या लॅबचा दोष शून्य. त्या दिवशी तुमच्या रक्तात खरंच तेवढं कॉर्टिसॉल असू शकतं, फक्त त्याचा ताणाशी संबंध नव्हता. तुमची महागडी मास स्पेक टेस्ट (तिसऱ्या लॅबची एलसी-एमएस/एमएस ती हीच) त्याच सकाळी केली असती तरी तीही वरच गेली असती, कारण तीही एकूणच मोजते.

दुसरा संशयित बायोटिन, आणि इथे पद्धतींच्या पोटात शिरावं लागतं.

कॉर्टिसॉलचा रेणू लहान आहे. एका वेळी दोन अँटिबॉडींनी दोन बाजूंनी धरावा एवढी जागा त्याच्यावर नाही. म्हणून इम्युनोअसे, म्हणजे अँटिबॉडीने मोजणारी पद्धत, मग ती सीएलआयए असो, ईसीएलआयए असो की प्लेटवरची एलायझा, त्याच्यासाठी स्पर्धा लावते. मोजक्या खुर्च्या मांडायच्या, त्या म्हणजे अँटिबॉडी. तुमच्या रक्तातलं कॉर्टिसॉल आणि किटमधलं दिवा लावलेलं कॉर्टिसॉल एकाच वेळी आत सोडायचं. तुमचं जास्त असेल तर दिवेवाल्यांना खुर्च्या मिळत नाहीत, धुतल्यावर उजेड कमी पडतो. कमी उजेड म्हणजे जास्त कॉर्टिसॉल, हे उलटं गणित लक्षात ठेवा. या पद्धतींची वेगवेगळी नावं आहेत ती बव्हंशी दिव्याची नावं आहेत. १९५९-६० मध्ये रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी इन्शुलिनसाठी हे तंत्र उभं केलं तेव्हा दिव्याच्या जागी किरणोत्सर्गी आयोडीन होतं. यालो यांना त्याबद्दल १९७७ मध्ये नोबेल मिळालं, बर्सन तोवर हयात नव्हते. १९७१ मध्ये एलायझा आली आणि आयोडीनची जागा एन्झाइमने घेतली, पुढे प्रकाश सोडणारी रसायनं आली. मी कामाला लागलो तेव्हा आयोडीनवालंच चालू होतं. ते दोन महिन्यांत निम्मं विझायचं, म्हणून किट संपवण्याची सतत घाई.

आता बऱ्याच मशीनमध्ये या खुर्च्या जमिनीला पक्क्या करायला बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन नावाचं प्रोटीन ही जोडी वापरतात, कारण त्यांची पकड जबरदस्त असते. तुम्ही सातला १० मिलिग्रॅम बायोटिन घेतलंत, म्हणजे मोठ्या माणसाच्या रोजच्या गरजेच्या तीनशे पटींहून जास्त, आणि सव्वाआठला, ते रक्तात भरपूर असताना, सुई टोचून घेतलीत. ते मोकळं बायोटिन स्ट्रेप्टाव्हिडिनच्या जागा अडवतं, खुर्च्या सुटून धुण्यात वाहून जातात, उजेड कमी पडतो, आणि मशीन भाबडेपणाने सांगतं: कॉर्टिसॉल जास्त. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, बायोटिनच्या या घोटाळ्याबद्दल नोव्हेंबर २०१७ मध्ये जाहीर इशारा दिला होता. सगळी मशीन याला बळी पडत नाहीत. काहींच्या रचनेत ही जोडीच नाही, काही कंपन्यांनी किट सुधारली. पहिल्या लॅबला फोन करून एवढंच विचारा: ‘तुमच्या कॉर्टिसॉलच्या किटला बायोटिनचा अडथळा येतो का?’ चांगल्या लॅबला उत्तर माहीत असतं. ‘तुम्ही डॉक्टर आहात का?’ असा प्रतिप्रश्न आला तर तेही एक उत्तरच समजा.

तिसरी गोष्ट खुद्द अँटिबॉडीची. तिला कॉर्टिसॉलचे भाऊबंद नीट वेगळे ओळखता येत नाहीत. प्रेडनिसोलोन हे औषध घेणाऱ्याच्या रक्तात ती बिनदिक्कत ‘कॉर्टिसॉल’ मोजते. शरीरात बनणाऱ्या ११-डीऑक्सिकॉर्टिसॉललाही फसते, आणि मेटिरापोन (कॉर्टिसॉल बनणं रोखणारं औषध) घेणाऱ्या रुग्णात ते खूप साठतं. किती फसते हे किटागणिक वेगळं. म्हणून एकाच नळीतलं रक्त दोन कंपन्यांच्या मशीनवर घातलं तर दोन आकडे येतात, आणि दोन्ही लॅब प्रामाणिक असतात.

याचा मला एकदा चांगलाच अनुभव आला. आमच्या लॅबमध्ये एका कंपनीच्या कॉर्टिसॉल किटची नवी पिढी आली. अँटिबॉडी जास्त निवडक, म्हणजे प्रगतीच. आम्ही रीतसर जुन्या-नव्यावर शेजारी शेजारी सॅम्पल चालवली. नवे आकडे सरासरी पाव हिश्श्याने खाली येत होते. तसं परिपत्रक काढलं, नवी रेंज छापली. परिपत्रक कोणी वाचलं नाही. महिन्याभरात एका एंडोक्रिनॉलॉजिस्टचा फोन: ‘माझ्या इतक्या पेशंटच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी एकदम कशा काय बंद पडल्या?’ एसीटीएचचं, म्हणजे या ग्रंथीला कॉर्टिसॉल सोडायला लावणाऱ्या हार्मोनचं, इंजेक्शन देऊन अर्ध्या-एक तासाने कॉर्टिसॉल किती चढतं ते पाहायची टेस्ट असते. तिची पास-नापासची रेघ जुन्या किटच्या काळात १८ मायक्रोग्रॅमवर आखलेली. नव्या, निवडक पद्धतींवर तीच रेघ १४ ते १५ च्या आसपास येते. डॉक्टर मोजत होते नव्या पट्टीने आणि निकाल देत होते जुन्या रेघेने. चूक ना मशीनची, ना रुग्णाची. तरी काही जण विनाकारण स्टेरॉइडच्या गोळ्यांवर जाता जाता वाचले.

भावाच्या ०.९८ चं उत्तरही यातच आहे. कोरिलेशन एवढंच सांगतं की एक आकडा वाढला की दुसराही वाढतो. उद्या एखादी पद्धत प्रत्येक सॅम्पलमध्ये बरोबर तीस टक्के जास्त दाखवायला लागली तर कोरिलेशन १ येईल, अगदी परिपूर्ण, आणि तरी दोन्ही रिपोर्ट कधीच जुळणार नाहीत. दोन पद्धती एकमेकींच्या जागी चालतील का, हे बघायला दर सॅम्पलमधला फरक काढून तो दोन्हींच्या सरासरीसमोर मांडतात. ब्लँड आणि आल्टमन या संख्याशास्त्रज्ञांचा त्यावरचा लेख १९८६ मध्ये लॅन्सेटमध्ये आला, आणि तो आलेख आज जगभरच्या लॅबमध्ये काढतात. भावाला हे दाखवा, इंजिनियर आहे, पटकन पटेल.

मग मास स्पेक? पद्धत म्हणून ती वरचढ आहे, यात मी आढेवेढे घेणार नाही. ती रेणू ओळखीवर धरत नाही, वजनावर धरते. आधी द्रवाच्या प्रवाहात, एका बारीक भरलेल्या नळीतून, स्टेरॉइड एकामागोमाग एक वेगळी होतात. मग कॉर्टिसॉलला एक प्रोटॉन चिकटवून ३६३ वजनाचा आयन पकडायचा, तो फोडायचा आणि १२१ वजनाचा तुकडा मोजायचा. शिवाय सुरुवातीलाच सॅम्पलमध्ये ठरावीक मात्रेत ‘जड’ कॉर्टिसॉल टाकलेलं असतं. काही हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, घातलेलं, वागायला हुबेहूब तसंच. खूण केलेले शंभर मणी पोत्यात टाकून ढवळावं, मग मूठभर काढून त्यात खुणेचे किती आणि बिनखुणेचे किती यावरून सगळ्या पोत्याचा अंदाज घ्यावा, तसं. काम करताना वाटेत थोडं सांडलं तरी दोन्ही सारखंच सांडतं, प्रमाण बिघडत नाही. बायोटिनचा इथे काही संबंधच येत नाही.

पण ती देववाणी नव्हे. प्रेडनिसोलोनचं वजन कॉर्टिसॉलपेक्षा दोनने कमी. निसर्गात थोडा जड कार्बन असतो, त्यामुळे प्रेडनिसोलोनचे काही रेणू नेमके कॉर्टिसॉलच्या वजनावर येऊन बसतात. नळीतून दोघं नीट वेगळी झाली नसतील तर इथेही घोळ होतो. बऱ्याच लॅब ही पद्धत स्वतः बसवतात, तयार किट नसते, म्हणून चालवणाऱ्याचा हात महत्त्वाचा. ढिसाळ हातातल्या मास स्पेकपेक्षा नीट सांभाळलेलं साधं इम्युनोअसे मी केव्हाही पत्करेन. प्रेडनिसोलोन चालू असताना कॉर्टिसॉल हवंय, मेटिरापोन चालू आहे, नवजात बाळाच्या रक्तात इतर स्टेरॉइडची गर्दी आहे, लघवीतलं किंवा लाळेतलं अगदी थोडं मोजायचंय, तिथे तिचे पैसे वसूल होतात. तुमच्या प्रश्नाला तिची गरज नव्हती.

आणि आता तुमच्या भावाला सर्वांत कडू लागेल ते. समजा लॅब एकच, मशीन एकच, वेळही तीच, गोळ्या नाहीत. तरी एकाच माणसाचं कॉर्टिसॉल दिवसागणिक हलतं. हे हलणं १५ टक्के धरलं आणि मशीनची स्वतःची थरथर ५ टक्के, तर दोन रिपोर्टांत साधारण ४४ टक्क्यांपर्यंतचा फरक निव्वळ हेलकावा असू शकतो (दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ, गुणिले २.७७, त्याला करून बघू द्या). तुमचा २६.४ ते १७.८ हा फरक ३३ टक्क्यांच्या आतच आहे. म्हणजे गोळी, बायोटिन, पद्धत हे तिन्ही संशयित निर्दोष सुटले तरी तक्रारीचा कागद लिहायला आधार नाही.

स्ट्रेस पॅनलचं म्हणाल तर करू नका. अ‍ॅड्रिनॅलिन रक्तात निम्मं व्हायला दोनेक मिनिटं लागतात. सुईची भीती, जिना चढून येणं, खुर्चीत बसणं, एवढ्यानेही आकडा बदलतो. नीट मोजायचं तर शिरेत आधी कॅन्युला (बारीक नळी) घालून वीस-तीस मिनिटं आडवं पडून राहायचं, मग रक्त बर्फावर, थंड सेंट्रिफ्यूज, आणि मोजणी एचपीएलसी-इलेक्ट्रोकेमिकल (नळीतून रेणू वेगळे करून विजेच्या सिग्नलने मोजणारी पद्धत) किंवा मास स्पेकवर. काउंटरवर बसून दिलेल्या रक्तातल्या अ‍ॅड्रिनॅलिनवरून ताण सांगणं म्हणजे फोटो काढतानाच्या चेहऱ्यावरून स्वभाव सांगणं. अ‍ॅड्रिनॅलिन बनवणाऱ्या ट्यूमरची शंका असेल तेव्हा डॉक्टर त्याचे अवशेष, मेटानेफ्रिन, मोजायला सांगतात. तो वेगळा मामला आहे, आणि काही एचपीएलसी पद्धतींत तिथे साधं पॅरासिटामॉलही अडथळा आणतं. पॅनलमध्ये एसीटीएच असेल तर एक गंमत सांगतो. तो रेणू मोठा, ३९ अमिनो आम्लांचा, म्हणून त्याला दोन अँटिबॉडींच्या मध्ये धरतात. तिथे जास्त उजेड म्हणजे जास्त हार्मोन. त्यामुळे तुमच्या बायोटिनने तिथे आकडा खोटा कमी येऊ शकतो. एकाच गोळीने कॉर्टिसॉल खोटं वर आणि एसीटीएच खोटं खाली, असा रिपोर्ट घेऊन गेलात तर डॉक्टर अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा स्कॅन लिहून देतील.

आता काय करायचं. रोजच्या कामाचा ताण सकाळच्या एका कॉर्टिसॉलमधून कळत नाही, ही टेस्ट त्यासाठी नाहीच. ती ग्रंथी फार जास्त किंवा फार कमी बनवते का, या प्रश्नासाठी आहे, आणि ‘जास्त’ची शंका असेल तर सकाळचं रक्त तिथेही कामाचं नाही. कुशिंग सिंड्रोमसाठी, म्हणजे कॉर्टिसॉल फार जास्त होण्याच्या आजारासाठी, डॉक्टर रात्री उशिराची लाळ, चोवीस तासांची लघवी, किंवा रात्री १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन (शरीराचं कॉर्टिसॉल दाबणारं स्टेरॉइड) देऊन दुसऱ्या सकाळचं कॉर्टिसॉल बघतात. ते १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली दबलं तर ठीक. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर ही शेवटची टेस्टही सीबीजीमुळे खोटी बिघडते. जरा लागलं की काळंनिळं पडणं, पोटावर रुंद जांभळट चरे, खुर्चीतून उठताना मांड्यांत जोर नसणं, असं काही असेल तर तुमच्या डॉक्टरांकडे जा. नसेल तर कॉर्टिसॉल सोडून द्या आणि झोपेबद्दल, केसांबद्दल त्यांच्याशी बोला. त्याची कारणं बहुधा दुसरीकडे सापडतील. आणि गोळ्या रिपोर्टला घाबरून बंद केल्या असतील तर त्याबद्दलही बोला, तो निर्णय लॅबच्या लाल अक्षरांनी घ्यायचा नसतो.

पुन्हा कधी तपासायची वेळ आलीच तर एकच लॅब धरा, आठ-नऊच्या दरम्यान जा, बायोटिन दोन-तीन दिवस आधीपासून बंद ठेवा. त्वचेला लावायचं स्टेरॉइड मलम, दम्याचा पंप, सांध्यात घेतलेलं इंजेक्शन, सगळं फॉर्मवर लिहा. हायड्रोकॉर्टिसोनचं मलम लावलेल्या बोटांनी लाळेचा कापूस धरला म्हणून गगनाला भिडलेला रिपोर्ट मी स्वतः पाहिलाय, आणि हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे कॉर्टिसॉलच असल्यामुळे त्या दिवशी मास स्पेकही काही करू शकली नाही.

तिन्ही रिपोर्टांवर वेळ, चालू गोळ्या आणि पद्धत पेनाने लिहून फाइलला लावा. भावाला तक्रार करायचीच असेल तर युनिट मोठ्या अक्षरात छापत नाहीत म्हणून करू दे. त्यावर मीही सही करेन.